उरलेलं एकच चिनूक

माझा धंदा मालवाहतुकीचा. त्यातही ओडीसी, म्हणजे ट्रेलरच्या बाहेर डोकावणारा, मागे लाल झेंडी लावून रात्री-बेरात्री हलवायचा माल. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, प्रेसचे सांगाडे. या धंद्यानं मला एक खोड लावली आहे. युद्धावरचं काही वाचायला घेतलं की माझं लक्ष भलतीकडे जातं. हल्ले-प्रतिहल्ले भराभर नजरेखालून जातात, आणि कोपऱ्यात कुठेतरी ‘तोफा वेळेत पोचू शकल्या नाहीत’ असं अर्धं वाक्य दिसलं की मी तिथेच अडतो. का नाही पोचल्या? गाड्या नव्हत्या, रस्ता नव्हता, की वजन झेपलं नाही? लेखक तोवर पुढच्या टेकडीवर चढलेला असतो.

आपल्याकडेही तेच. पानिपत म्हटलं की विश्वासरावांना लागलेली गोळी आणि भाऊसाहेबांचं गर्दीत शिरणं आठवतं. पण त्याआधी डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची उरलीसुरली वाट बंद झाली आणि छावणी उपाशी पडली. १४ जानेवारीला जे सैन्य बाहेर पडलं ते भुकेनं पडलं. शाळेत हे एका ओळीत उरकतात.

जड हेलिकॉप्टरचा नाद मला लागला तो याच खोडीतून. आणि त्याची किंमत नीट कळली ती जिथे ती हेलिकॉप्टरं नव्हती अशा एका युद्धातून.

१९८२ साली अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली आणि ब्रिटननं ती परत घ्यायला तेरा हजार किलोमीटरवर आरमार पाठवलं. सोबत ‘अटलांटिक कन्व्हेयर’ नावाचं एक मालवाहू कंटेनर जहाज होतं. लढाऊ नव्हे, आपल्या न्हावाशेव्याला रोज लागतात तसलंच. युद्धासाठी ते घाईघाईनं ताब्यात घेतलं होतं. त्यावर चार चिनूक ही जड हेलिकॉप्टरं होती, सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं होती, साडेचार हजार माणसांचे तंबू होते आणि वर्कशॉपचा सगळा सरंजाम होता. २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेली एक्झोसेट क्षेपणास्त्रं या जहाजाला लागली. बारा माणसं गेली, त्यात जहाजाचे कप्तान इयन नॉर्थही होते. जहाज धुमसत राहिलं आणि ओढून नेताना २८ तारखेला बुडालं.

चारांपैकी एक चिनूक त्या वेळी हवेत होतं. त्याच्या अंगावर बी आणि एन ही अक्षरं होती, म्हणून ते ‘ब्राव्हो नोव्हेंबर’. परतायला जहाजच उरलं नाही, म्हणून ते ‘हर्मिस’ या विमानवाहू नौकेवर उतरलं. बाकीची तीन जळाली. त्यांच्याबरोबर सुटे भाग, हत्यारं आणि देखभालीची पुस्तकंही गेली. माझ्या भाषेत सांगायचं तर ताफ्यात एकच गाडी उरली, आणि तिची टूलकिट, स्टेपनी, कागदपत्रं सगळी समुद्राच्या तळाशी. आमच्याकडे अशी गाडी कुणी घाटात घालणार नाही.

आता या घटनेचा परिणाम बघा. ब्रिटिश सैन्य २१ मे रोजी सॅन कार्लोसच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. राजधानी स्टॅन्ली बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ८० किलोमीटरवर. मधे रस्ता नावाचा प्रकार नाही. पायाखाली पीटची दलदल, मधेच दगडांचे पट्टे, आणि दक्षिण गोलार्धातला हिवाळा तोंडावर आलेला. बेत असा होता की हेलिकॉप्टरनं टप्प्याटप्प्यानं माणसं आणि तोफा पुढे न्यायच्या. चिनूक गेल्यावर तो बेतही गेला. २७ मे रोजी ४५ कमांडो आणि ३ पॅरा या तुकड्या चालत निघाल्या. पाठीवर पस्तीस-चाळीस किलो, कुणाच्या त्याहूनही जास्त. बूट सतत ओले, पाय सडायला लागलेले. रॉयल मरीन्सच्या बोलीत या चालण्याला ‘योम्प’ म्हणतात आणि त्याचं पुढे फार कौतुक झालं. झेंडा पाठीला लावून चाललेल्या मरीनचा फोटो जगभर गेला. कौतुक योग्यच आहे. मला मात्र तो फोटो पाहिला की त्याच्या पाठीवरचं ओझं दिसतं. ते ओझं जळालेल्या तीन चिनूकांमध्ये असायला हवं होतं.

गूझ ग्रीनच्या लढाईत २ पॅराच्या पाठीशी फक्त तीन तोफा होत्या, कारण तेवढ्याच पुढे नेता आल्या. गोळेही मोजून. त्या लढाईवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. कमांडिंग ऑफिसर कसा पडला, कुठल्या खंदकाजवळ पडला, सगळं. तीनच तोफा का, यावर एखादा परिच्छेद सापडतो.

उरलेल्या एका चिनूकनं मग काय केलं ते वाचण्यासारखं आहे. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री त्यानं माउंट केंटवर तीन तोफा नेल्या. दोन पोटात, एक खाली टांगून, शिवाय माणसं आणि दारूगोळा. परत येताना बर्फाच्या वादळात त्याची चाकं पाण्याला लागली. चालक स्क्वॉड्रन लीडर डिक लँगवर्दी. फवारा इंजिनात गेला, सहचालकानं बाहेर पडायच्या तयारीनं आपलं दार उडवून दिलं होतं, आणि तरी ते यंत्र पाण्यातून उठलं आणि परत आलं. लँगवर्दींना पुढे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

त्यानंतरचा फिट्झरॉयचा किस्सा तर कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला आवडेल. फिट्झरॉय ही स्टॅन्लीच्या अलीकडची मेंढपाळांची वस्ती. तिथे अर्जेंटिनाचं सैन्य आहे की नाही हे कळत नव्हतं. २ पॅराचे काही लोक मधल्या एका एकाकी घरापाशी उतरले आणि तिथल्या साध्या टेलिफोनवरून फिट्झरॉयला फोन लावला. वस्तीच्या व्यवस्थापकानं उचलला. इथे कुणी नाही, म्हणाले. मग ब्रिगेडनं ते एकमेव चिनूक जवळपास पळवलंच म्हणा ना. त्यात एका खेपेला ८१ सैनिक बसवले, खरं तर उभे केले. नेहमीची क्षमता याच्या निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या खेपेला ७५. आरटीओचा माणूस बघत असता तर त्यानं पावतीपुस्तकच संपवलं असतं.

आणि इथेच चिनूक कमी असल्याचा सर्वांत वाईट हिशेब सुरू होतो. पुढे गेलेल्या या तुकडीला आधार द्यायला मागून आणखी सैन्य पोचवणं भाग होतं. एका चिनूकवर ते जमेना, सी किंग हेलिकॉप्टरं आधीच जुंपलेली. म्हणून वेल्श गार्ड्स जहाजानं आले. ८ जून रोजी फिट्झरॉयजवळ ‘सर गॅलहॅड’ हे जहाज दिवसाढवळ्या नांगरून उभं असताना त्यावर बॉम्ब पडले. ४८ जण गेले, त्यातले ३२ वेल्श गार्ड्सचे. सैनिक आधी का उतरवले नाहीत, कुणाचा आदेश कुणाला पोचला नाही, यावर तिकडे आजही वाद आहेत, आणि ते खोटे नाहीत. पण माझ्या मते त्या वादांच्या मुळाशी २५ मेची आग आहे. तीन चिनूक हातात असती तर बहुधा ते जहाज त्या खाडीत आलंच नसतं.

१४ जूनला स्टॅन्ली पडलं. तोवर ब्राव्हो नोव्हेंबरनं सुमारे १,५०० सैनिक, साडेपाचशे टनांच्या आसपास माल, शेकड्यांनी युद्धकैदी आणि ९५ जखमी वाहिले होते. शेवटचे दोन आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. आमच्या धंद्यात रिकामी गाडी परत आणणं म्हणजे डिझेल जाळणं. चेन्नईला माल टाकला की तिथल्या दलालाला पहिला फोन परतीच्या भाड्यासाठी जातो. युद्धातली परतीची भाडी म्हणजे जखमी आणि कैदी. पुढे गोळे घेऊन गेलेलं हेलिकॉप्टर तिकडून स्ट्रेचर घेऊन येतं. जखमी माणूस तासाभरात ऑपरेशन टेबलावर येतो की दोन दिवसांनी, हे त्या परतीच्या खेपेवर ठरतं. ‘मालवाहू’ म्हटल्यावर ही बाजू कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. साध्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर एक मोठा पंखा असतो आणि शेपटीला एक छोटा. मोठा पंखा एका दिशेनं फिरतो तेव्हा धड उलट दिशेनं फिरू पाहतं. ते थोपवण्यासाठी शेपटीचा पंखा. त्यात इंजिनाची काही ताकद खर्च होते आणि त्या ताकदीनं एक किलोही उचललं जात नाही. चिनूकला शेपटीचा पंखाच नाही. पुढे एक, मागे एक असे दोन मोठे पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. पाती एकमेकांच्या क्षेत्रात घुसतात, पण गिअरनं अशी बांधलेली की भिडत नाहीत. सगळी ताकद उचलण्याकडे. दुसरा फायदा म्हणजे माल पोटात थोडा पुढेमागे लागला तरी तोल सांभाळता येतो. ज्यानं ट्रेलरवर ट्रान्सफॉर्मर एक फूट मागे लागल्यामुळे पुढचं चाक हलकं झालेलं अनुभवलं आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. हे यंत्र पहिल्यांदा उडालं १९६१ साली. साठ वर्षं उलटून गेली, इंजिनं बदलली, कॉकपिट बदललं. मूळ आराखड्याला पर्याय मिळालेला नाही.

रशियाचा रस्ता वेगळा. त्यांनी एकच पंखा ठेवला आणि तो राक्षसी केला. मी-२६ च्या पंख्याला आठ पाती आहेत आणि त्याचा व्यास ३२ मीटर आहे. वीस टन उचलतं. आतला हौदा बारा मीटर लांब, म्हणजे चाळीस फुटी कंटेनरएवढा. २००२ साली अफगाणिस्तानच्या डोंगरात अमेरिकेचं एक चिनूक पडून होतं, ते उचलून बग्रामला आणायला अमेरिकेनं रशियन मी-२६ भाड्यानं घेतलं. त्याच्या वीस वर्षं आधी याच डोंगरांत हे दोन देश कुणाच्या विरुद्ध कुणाला बंदुका पुरवत होते ते आठवून पाहा. भाडं ठरलं की बाकीचं कुणी विचारत नाही, हे माझ्या धंद्याइतकंच तिथेही खरं निघालं.

टांगून माल नेणं ही या सगळ्यातली सर्वांत कठीण कला. हेलिकॉप्टर डोक्यावर काही फुटांवर तरंगतंय, वरून येणाऱ्या वाऱ्यात उभं राहणं मुश्कील, धूळ नाहीतर बर्फ उडून समोरचं दिसेनासं झालंय, आणि एक माणूस तोफेवर चढून दोराची कडी हातात धरून उभा आहे. ती कडी हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायची. पण हुकाला थेट हात लावायचा नाही. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरच्या अंगात स्थिर वीज साठलेली असते. ती आधी जमिनीला जोडलेल्या दांडीनं उतरवायची, नाहीतर झटका असा बसतो की माणूस तोफेवरून खाली. हे सगळं काही सेकंदांत, आणि युद्ध असेल तर अंधारात. चिनूकला असे तीन हुक असतात. पुढच्या आणि मागच्या हुकाला मिळून माल बांधला की तो कमी फिरतो.

आमच्याकडे एक जुने रिगर, म्हणजे माल बांधून उचलणारे, होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एकदा क्रेननं पत्र्याच्या मोठ्या डक्टचे तुकडे चढवायचे होते. वजन काहीच नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. मामांनी काम थांबवलं. म्हणाले, “शेठ, जड मालाचं काही नसतं हो. तो गप लटकतो. हा हलका माल वारा पितो. दुपारचा वारा पडू द्या.” चिडचिड झाली, पण थांबलो. पुढे हेलिकॉप्टरबद्दल वाचताना तेच सापडलं. ठासून भरलेली पेटी किंवा तोफ सरळ लटकते. रिकामी टाकी, मोडकं विमान असलं हलकं पण फुगीर काही टांगलं की ते झोके घ्यायला लागतं, आणि तो झोका हेलिकॉप्टरलाच घेऊन जाऊ शकतो. तेव्हा चालकाकडे शेवटचा उपाय एकच, हुक सोडून देणं. ऑगस्ट २०२४ मध्ये केदारनाथला बिघडून पडलेलं एक छोटं खाजगी हेलिकॉप्टर वायुसेनेचं मी-१७ टांगून नेत होतं. वाऱ्यानं आणि वजनानं तोल बिघडायला लागल्यावर चालकानं ते दरीत सोडलं. कुणाला इजा झाली नाही. समाजमाध्यमांवर त्या व्हिडिओवर लोक हसले. मामा हसले नसते.

उचलेगिरीचा सर्वांत धाडसी प्रकार मात्र इस्रायलच्या नावावर आहे. डिसेंबर १९६९ मध्ये इजिप्तनं रास घारिबला सोव्हिएत बनावटीचं पी-१२ रडार बसवलं होतं. त्याच्यावर बॉम्ब टाकायचा बेत चालू असताना कुणाच्या तरी डोक्यात आलं, फोडायचं कशाला, घेऊनच येऊ. छत्रीधारी सैनिक रात्री उतरले, पहारा मोडला, रडारचे भाग सुटे केले आणि दोन सीएच-५३ हेलिकॉप्टरांनी ते खाली टांगून सुएझच्या आखातापलीकडे नेले. रडारचं मुख्य धूड सुमारे चार टनांचं होतं आणि यंत्राला ते पेलताना नाकी नऊ आले. बिल्टी नाही, ई-वे बिल नाही, आणि माल शत्रूचा.

याच जातीच्या हेलिकॉप्टरांनी अमेरिकेची मान खाली घातली ती १९८० मध्ये. तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला ‘निमित्झ’ या नौकेवरून आठ हेलिकॉप्टरं निघाली. मोहिमेला किमान सहा लागणार होती. वाळूची वादळं आणि बिघाड यांतून वाळवंटातल्या ठरलेल्या जागी धड अशी पाच उरली. मोहीम तिथेच रद्द झाली, आणि परत फिरताना एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानाला धडकून आठ माणसं गेली. कमांडो तयार, नकाशे तयार, राष्ट्राध्यक्षांची परवानगी तयार. गाडी एक कमी पडली.

हे सगळं लिहिताना मी या यंत्राच्या प्रेमात पडून आंधळा झालोय असं वाटू नये. मोठी गाडी म्हणजे मोठं नुकसान. १९ ऑगस्ट २००२ रोजी चेचन्यात खानकालाच्या तळाजवळ एक मी-२६ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली होती. पडलं तेही तळाभोवतीच्या सुरुंगक्षेत्रात. १२७ जणांचा जीव गेला. हेलिकॉप्टरच्या इतिहासात एवढा मोठा दुसरा अपघात किंवा घात नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अफगाणिस्तानच्या वर्दक भागात एक चिनूक एका आरपीजीनं, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रॉकेटनं, पाडलं, ३८ जण गेले. फिट्झरॉयला ८१ माणसं कोंबली आणि ती पोचली, म्हणून तो किस्सा झाला. खानकालाला पोचली नाहीत. वर मी आरटीओवरून विनोद केला खरा, पण ओव्हरलोडच्या गोष्टीत हसणं आणि रडणं यांत फक्त नशीब असतं, हे हायवेवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला माहीत असतं.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात करायची तर १९७१ पासून करावी लागते. हेलिकॉप्टरं तेव्हा जड नव्हतीच. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं आशुगंजचा मेघना नदीवरचा पूल उडवला. चौथ्या कोअरचे लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी पुलाची वाट पाहिली नाही. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या मी-४ हेलिकॉप्टरांनी रात्रंदिवस खेपा करून ३११ ब्रिगेडची माणसं पलीकडे रायपुऱ्याच्या बाजूला उतरवली. मी-४ मध्ये जेमतेम चौदा सैनिक बसायचे, त्याहून बरेच जास्त बसवले. माणसं अशी पोचली, पण जड सामानासाठी गावकऱ्यांच्या होड्या लागल्या. तिथे त्या वेळी दोन-चार जड हेलिकॉप्टरं असती तर, असं मनात येतंच. पण लोकांनी होड्या दिल्या हेही त्या युद्धाबद्दल बरंच काही सांगतं.

मी वाढलो देवळालीच्या आसपास. तोफखान्याची शाळा तिथेच, त्यामुळे तोफांचे आवाज म्हणजे घड्याळ होतं. नाशिक रोडच्या बाजूला लष्कराच्या हेलिकॉप्टर चालकांचं प्रशिक्षण, त्यामुळे चीता आणि चेतक डोक्यावर असायचीच. तोफ आणि हेलिकॉप्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच वाटायचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीतच एम-७७७ ही तोफ सैन्यात औपचारिकपणे दाखल झाली आणि पुढच्या मार्चमध्ये चंडीगडला चिनूक वायुसेनेत आलं. या दोन तारखा एकत्र वाचायच्या असतात. बोफोर्सचं वजन बारा टनांच्या घरात. ती जाते जिथे रस्ता जातो. एम-७७७ मध्ये टायटॅनियम वापरून वजन सव्वाचार टनांच्या आसपास आणलं आहे, गोळा मात्र तोच १५५ मिलिमीटरचा. ही तोफ चिनूकखाली टांगता येते. म्हणजे जिथे रस्ता नाही अशा कड्यावर मोठी तोफ बसवता येते, आणि पलीकडच्याला ती तिथे अपेक्षित नसते.

टांगलेल्या तोफेचा फोटो फार देखणा येतो. वर्तमानपत्रांनी तो भरपूर छापला. माझं डोकं लगेच पुढच्या खेपेकडे जातं. एक गोळा त्रेचाळीस-पंचेचाळीस किलोचा, त्याला फेकणारी दारू वेगळी. शंभर गोळे म्हणजे साडेचार टन. मिनिटाला दोन या संथ गतीनं डागले तरी तासाच्या आत संपले. तोफ एकदाच वर न्यायची असते, गोळे रोज. कारगिलमध्ये भारतीय तोफखान्यानं गोळे, बॉम्ब, रॉकेटं मिळून अडीच लाखांहून अधिक डागली, आणि ती प्रामुख्यानं ट्रकनं गेली. तोही दिव्याशिवाय चालवलेल्या ट्रकनं, शत्रू वरून बघत असताना. त्यामुळे आता पंधरा चिनूक आली म्हणून ट्रक बाद झाले असं कुणी म्हणालं तर माझ्यातला ट्रान्सपोर्टवाला भांडायला उठेल. टनाला किती रुपये पडले असा हिशेब लावला तर हेलिकॉप्टर कुठल्याच ट्रकपुढे टिकत नाही. ते जिंकतं वेळेवर. जो माल ट्रकनं चार दिवसांनी पोचला असता आणि तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नसता, तो सकाळी साडेसातला पोचतो.

सकाळचं म्हणालो ते उगाच नाही. उंचीवर सगळं गणित बदलतं. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते. पात्यांना रेटायला हवा कमी, इंजिनाला जाळायला हवा कमी. दुपारी ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. मैदानात दहा टन उचलणारं चिनूक तिथे किती उचलेल हे त्या दिवसाचं तापमान, वारा आणि टाकीतलं इंधन ठरवतं. माल जास्त हवा तर इंधन कमी भरा. इंधन कमी भरलं तर वळसा घ्यायची, थांबायची मुभा नाही. २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव वाढला तेव्हा सी-१७ विमानं रणगाडे घेऊन लेहला उतरत होती. लेहच्या पुढे मात्र एवढ्या मोठ्या विमानांचं राज्य जवळपास संपतं. दौलत बेग ओल्डीचा तळ साडेसोळा हजार फुटांवर आहे. तिथपर्यंत चिनूक उडाली, रात्रीही. दरबुकहून श्योकमार्गे तिथे जाणारा २५५ किलोमीटरचा रस्ता किती वर्षं रखडला होता हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या रात्रीच्या उड्डाणांचा अर्थ कळेल.

एप्रिल २०२२ मध्ये एका चिनूकनं चंडीगडहून आसामातल्या जोरहाटपर्यंत १,९१० किलोमीटर मधे न उतरता, साडेसात तासांत कापले. हा आकडा विक्रम म्हणून छापला गेला. मला तो दोन सीमांमधलं अंतर म्हणून वाचावासा वाटतो. पश्चिमेकडे उभी असलेली गाडी त्याच दिवशी पूर्वेकडे लावता येते. ज्याच्याकडे गाड्या थोड्या आणि गिऱ्हाईकं दोन टोकांना, त्याला याहून चांगली बातमी नाही.

चिनूकच्या आधी चंडीगडच्या त्याच तुकडीकडे मी-२६ होती, १९८६ पासून. संख्येनं मूठभर. त्यांची खरी कमाई शांततेतली. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात रस्ते वाहून गेले तेव्हा त्यांनी गौचरला जड सामान पोचवलं, आणि पुढे केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी अवजड यंत्रं थेट वर नेली. अशा यंत्रांसाठी तिथे मोठं हेलिपॅड आधी माणसांनी हातानं बनवावं लागलं. थंडीत, बर्फ बाजूला सारून. प्रत्येक जड हेलिकॉप्टरच्या आधी कुणीतरी हलक्या पायांनी तिथे पोचलेला असतो.

मला यातलं सगळ्यात आवडतं काम कुठल्याच लढाईतलं नाही. मुनसियारीहून मिलमकडे, चीनच्या सीमेच्या दिशेनं रस्ता काढायचं काम सीमा सडक संघटनेकडे आहे. मधला एक टप्पा उभ्या कातळाचा. खालून कातळ फोडत गेलं तर वर्षंच्या वर्षं. वरून खाली फोडत यायचं तर यंत्रं वर हवीत, आणि वर जायला तर रस्ताच नाही. २०१९ मध्ये वर न्यायचे अनेक प्रयत्न फसले. २०२० मध्ये जोहार खोऱ्यातल्या लास्पाला यंत्रांचे भाग हेलिकॉप्टरनं उतरवले आणि कातळ दोन्ही बाजूंनी फुटायला लागला. हेलिकॉप्टरनं तिथे असं यंत्र नेलं जे त्या वाटेवर हेलिकॉप्टरची गरजच संपवणार आहे. रस्ता पुरा झाला की सैन्याचा शिधा, रॉकेल, सिमेंट सगळं पुन्हा ट्रकनंच जाईल. टेंडर निघालं तर मी भरीन. चढाचा दर मात्र वेगळा लावीन, आणि परतीचं भाडं मिळणार नाही हे आत्ताच गृहीत धरून.